डावीकडेच वळणारी पिकअप

डिझेलचा कॅन पिकअपच्या हौद्यात आडवा झाला आणि सगळं डिझेल आंब्याच्या रिकाम्या क्रेटांखालून वाहून गेलं. क्रेट साबणाने धुतले, चार दिवस उन्हात टाकले, तरी वास हटेना. सोमवारी शाळेत माझ्या पोळीभाजीच्या डब्यालासुद्धा तो येत होता.

मी रत्नागिरीत एका हायस्कूलला गणित शिकवते. नवरा जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. त्यामुळे कातळाच्या सड्यावरची आमची आंब्याच्या कलमांची बाग मी आणि माझे सासरे, म्हणजे बाबा, बघतो. गाडी मी चालवते, बाकीचं सगळं बाबा ठरवतात. मोहोर आला की दर रविवारी फवारणी. औषधाची टाकी आणि पंप एका दोनचाकी ट्रॉलीवर असतात, आणि ती ट्रॉली पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवून न्यायची. पंप डिझेलवर चालतो, म्हणून तो कॅन.

बाबांचीही उभी हयात जहाजाच्या इंजिन-रूममध्ये गेली. कॅन सांडल्याचं ऐकून ते म्हणाले, "जहाजावर कोणी कॅनमधून इंधन नेतं का? जादाची टाकी बसवायची. गाडीलाच."

"हौद्यात?"

"हौद्यात क्रेट येतात. परत वास. खाली, मागे, हुकाच्या बाजूला जागा आहे."

जागा होती. हुकाच्या उजव्या अंगाला, बंपरच्या खाली. बाबांनी तीनदा मोजली. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, हे इथेच सांगून टाकते, कारण नंतर शाळेतल्या स्टाफरूमने मला हेच विचारलं, की मोजताना मी कुठे होते.

एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने बाबांच्या कागदाबरहुकूम चौकोनी टाकी केली, खाली तोटी, वर कुलपाचं झाकण. चासीला पट्ट्या मारून ती बसवताना तो गाडीखालून म्हणाला, "काका, ट्रॉली वळेल ना?"

"मी बोटभर जागा सोडून मोजलंय."

"तसं नाही, वळताना म्हणतो मी."

"तू नट आवळ," बाबा म्हणाले. त्याने आवळले.

टाकी दिसायला फार सुरेख झाली होती. बाबांनी तिला जहाजासारखा राखाडी रंग दिला. रविवारी सकाळी ट्रॉली अडकवली, डिझेल भरलं आणि मी घराच्या फाटकातून उजवीकडे वळले. मागून घंटा वाजल्यासारखा आवाज आला. खाली उतरून पाहिलं तर ट्रॉलीचा कोपरा टाकीत रुतून बसला होता. गाडी सरळ असताना बोटभर अंतर होतं. उजवीकडे वळली की तेही उरत नव्हतं. वर्तुळ, त्रिज्या, स्पर्शिका मी पंधरा वर्षं फळ्यावर काढते आहे.

बाबांनी टाकीवरून हात फिरवला. गळत नव्हती. "डावीकडे वळून बघ," ते म्हणाले. डावीकडे काहीच अडचण नव्हती.

"मग झालं की," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या दिवशी दुपारी त्यांनी वहीच्या पानावर रस्ता काढला. रुंद रस्त्याचं उजवं वळण चालत होतं, काटकोनातलं नाही. घराशी ट्रॉली फाटकाबाहेर रस्त्यावरच अडकवायची ठरली. मग अडचण एकच उरली, बागेचं फाटक आमच्या उजव्या हाताला येतं. ट्रॉलीसकट रिव्हर्स घेणं मला जमत नाही. त्यावर बाबांचा तोडगा असा, की फाटक सोडून सरळ पुढे वाडीतल्या देवीच्या देवळापर्यंत जायचं, देवळाभोवतीच्या मोकळ्या पटांगणातून डावी फेरी मारायची आणि उलट यायचं. आता फाटक डाव्या हाताला. बाहेर पडतानाही डावीकडे, म्हणजे थेट घराच्या दिशेला. मला हे मान्य करावं लागलं, की आराखड्यात खोट काढता येत नव्हती.

दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी फेरी संपता संपता देवळाचे गुरव हातात केरसुणी घेऊन गाडीपुढे उभे राहिले. सत्तरीचे, सुतळीसारखे बारीक. मी काच खाली केली.

"बाई, दर ऐतवारी देवीला डाव्या हाताला टाकून फेरी मारताव," ते शांतपणे म्हणाले. "उलटी प्रदक्षिणा. ह्या बरा नाय."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. बाबा उतरले आणि त्यांना मागे नेऊन सगळं समजावू लागले: कॅन, वास, टाकी, हुक. गुरवांनी ऐकून घेतलं, मग वाकून हुक आणि ट्रॉली यांच्यामधल्या लोखंडी दांड्याकडे पाहिलं.

"दांडा आखूड हाय," ते म्हणाले. "बैलगाडीचा असा ठेवलान तर बैलाच्या मागच्या पायाला गाडी लागंल. हातभर वाढवा."

बाबा दांड्यापाशी उकिडवे बसले. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि एक टोक गुरवांच्या हातात दिलं.

फॅब्रिकेशनवाल्याने दांडा वाढवून दिला. काम झाल्यावर तो म्हणाला, "काका, मी तेव्हाच विचारलं होतं."

"विचारलं होतंस," बाबा म्हणाले. "सांगितलं नव्हतंस."

पुढच्या रविवारी बागेच्या फाटकाशी मी उजवीकडे वळले. बाबा टाकीशेजारून वाकून चालत होते. टाकी आणि ट्रॉलीमध्ये चांगली वीतभर फट राहिली. वळून झाल्यावर ते गाडीत बसले आणि म्हणाले, "आता देवळाकडे चल."

"कशाला? आत आलो ना आपण."

"तीन फेऱ्या उलट्या झाल्यात."

ट्रॉली बागेत सोडून आम्ही देवळाशी गेलो. गुरव पायरीवरच होते. बाबांनी त्यांना कॅबिनमध्ये आमच्या मधोमध बसवलं आणि देवीला उजव्या हाताला ठेवून मी तीन फेऱ्या मारल्या, पहिल्या गियरमध्ये. दुसऱ्या फेरीला गुरव म्हणाले, "जरा सावकाश, बाई." त्याहून सावकाश गाडी चालत नव्हती.

उतरताना त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्या पंपान पानी किती लांब जाता?"

"कलमाच्या शेंड्यापर्यंत," बाबा अभिमानाने म्हणाले.

"मग देवळाची कौलां धुवून द्याल? शेवाळ धरलाय. औषध काढून, नुसता पानी."

बाबांनी मला न विचारता हो म्हटलं. त्यानंतरचा अख्खा रविवार कौलं धुण्यात गेला. त्या रविवारी ज्या अर्ध्या बागेची पाळी होती ती फवारायची राहिली, तिथे तुडतुडा लागला आणि त्या बाजूला फळ कमी धरलं. कौलं मात्र लालभडक निघाली.