पत्रिकेतली शेवटची ओळ

आमची मुलगी दुसरीत होती आणि वाचत नव्हती. अक्षरं येत होती, पण त्यांच्याशी संबंध ठेवायची तिची इच्छा नव्हती. फुलचूरच्या घरात माझी चार कपाटं पुस्तकं होती. मी तिला चित्रांची पुस्तकं आणून दिली, तेव्हा ती म्हणाली, "तुमी वाचलं ना बाबा? मंग मी कायले वाचू?"

त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रकांची लांबलचक यादी असते, चारोळी असते आणि तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं छापून घरातल्या सगळ्या पोरांची नावं, अजून बोलता न येणाऱ्यांचीसुद्धा. मी हा भपका काढून टाकला. वर, वधू, वेळ, स्थळ आणि विवाह बौद्ध पद्धतीने होईल, एवढंच ठेवलं. स्वतःवर खूश होतो.

गोंदियाच्या प्रेसमधून गठ्ठा आणला, तर मुलगी दारातच बसलेली. तिने एक पत्रिका ओढली आणि कुणी न सांगता वाचायला लागली. बोट ठेवून, जोडाक्षरापाशी अडून, मागे जाऊन. मी बायकोला खुणेने गप्प केलं. शेवटचा शब्द संपल्यावर मुलीने पत्रिका उलटी करून पाहिली. मागे कोरं होतं.

"माझं नाव कुठी आहे?"

अशा ओळींनी पत्रिका उथळ होते, असं मी समजावलं.

"मामाच्या पत्रिकेत होतं. तवा दादानं वाचून दाखवलं. यावेळी मीच वाचणार होती." तिचे डोळे भरले.

"आता वाचलं पोरीनं," बायको म्हणाली, "तं तिचंच नाव नाई. घ्या!"

दुसऱ्या दिवशी गठ्ठा स्कूटरवर घालून मी परत प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाला म्हणाला, "भाईसाहब, मैंने तो पूछा था, बच्चों की लाइन?" खाली कोरी जागा भरपूर होती, तिथे पोरांची ओळ छापून घेतली. साधेपणाचा तेवढा उपयोग झाला.

मी घरी आल्यावर मुलीने नवी पत्रिका घेतली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला लागली.

"अगं, तुझं नाव खाली आहे," मी म्हटलं.

"थांबा ना बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "येऊन राहिली मी तिथपर्यंत."