भाऊजींनी न पाहिलेली दक्षिण

माझे भाऊजी बॅगा दुरुस्त करतात. स्टँडसमोरच्या गल्लीत, दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्यांचं बसायचं ठिकाण आहे. जुनं शिवणयंत्र, खोकाभर चेनचे रनर, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि डोक्यावर पत्रा. चेन बसवायची, पट्टा शिवायचा, तुटलेलं बक्कल बदलायचं, तीसेक वर्षं हेच चाललंय. आणि तितकीच वर्षं त्यांच्या शेजारी लाकडी स्टुलावर माझी ताई. ती आलेली बॅग रिकामी करते, झटकते, उसवते, आणि शिवून झाली की गिऱ्हाइकासमोर चेन दहादा उघडून-मिटून दाखवते.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. मी दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते, त्यामुळे आवाज मोठा आणि जिभेला हाड नाही, असं भाऊजींचंच म्हणणं. ते मला मेहुणीबाई म्हणतात, मी त्यांना बॅगवाले म्हणते. मी राहते त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली. त्या घरातलं बरंचसं मला दिसतं, आणि न दिसलेलं ऐकू येतं.

दक्षिणेचं वेड ताईचं. बॅग झटकली की तळातून काय काय पडतं: वाळू, बसची तिकिटं, शिंपल्याचा तुकडा, वाळून कोळ झालेलं पान. ताई विचारायची, कुठून आलात हो? पाठीवर सॅक टाकून हिंडणारी पोरंपोरी शिवण होईपर्यंत थांबायची आणि भडाभडा सांगत बसायची. त्यातली बरीच दक्षिणेकडून आलेली असायची. डोंगरातले चहाचे मळे, खाडीतल्या होड्या, आणि अगदी शेवटी ते टोक, जिथे जमीन संपते आणि तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. ऐकून ऐकून ताईला सगळं पाठ झालं होतं. स्वतः मात्र ती माहेर, सासर आणि ते स्टूल यापलीकडे कुठे गेली नव्हती.

लेक लग्न होऊन मार्गी लागली, तेव्हा ताईने भाऊजींकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. माझ्यासमोरच मागितलं, बहुधा साक्षीदार हवा म्हणून.

"मला दक्षिणेला त्या टोकापर्यंत जायचंय. तिथे तुमच्या शेजारी बसून सूर्य मावळताना बघायचाय. आणि तेव्हा तुमच्या हातात कोणाची बॅग नको. बाकी काही नको मला."

भाऊजी हसले. एवढंच ना, म्हणाले.

खिशाला परवडेल असाच प्रवास करायचा हे न बोलताच ठरलेलं होतं. साधा डबा, मिळेल ती एसटी, निजायला डॉर्मिटरी आणि जमेल तिथे पायी. चाकांच्या बॅगांबद्दल भाऊजींचं मत फार वाईट आहे. चाकं लोकांनी घ्यावीत, त्यावर माझं पोट चालतं, आपण घेऊ नयेत, असं ते म्हणतात. उरल्यासुरल्या कापडांतून त्यांनी दोन सॅक शिवल्या. त्यांची हिरवी, तिला निळे कप्पे. ताईची लहान, पट्ट्यांना आतून मऊ गादी लावलेली. आता खोटं कशाला बोलू, ती सॅक बघून मला ताईचा हेवा वाटला होता. निघायच्या दिवशी दोघं जिन्यात उभे राहिले तेव्हा मी विचारलं, बॅगवाले, शाळा कितीची आहे? ताई इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

गाडी सुटल्यावर ताईला कळलं, की हिरव्या सॅकच्या चोरकप्प्यात दाभण, पक्कड, दोरा आणि मूठभर रनर आहेत. तिने नुसतं बघितलं. भाऊजी म्हणाले, अगं, आपल्याच सॅकचा पट्टा तुटला तर? ताई म्हणाली, तुम्ही शिवलेला पट्टा कधी तुटलाय का? भाऊजींनी ही आपली तारीफ समजली आणि खूश होऊन खिडकीबाहेर बघत बसले.

पहिल्याच मुक्कामी घोडं अडलं. डॉर्मिटरीत शेजारच्या पलंगावर एक जोडपं होतं, त्यांच्या सॅकची चेन मधोमध फाटलेली आणि पहाटे त्यांना बस गाठायची. भाऊजींच्याने राहवेना. त्यांनी पक्कड काढली, रनर बदलला, वर दोन टाके घातले. लॉजच्या मालकाने ते पाहिलं. त्याच्याकडे फाटक्या गाद्यांच्या खोळी होत्या, गिऱ्हाइकांना भाड्याने द्यायच्या सॅक होत्या, आणि त्या गावात शिवणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाऊजींसमोर ढीग आणून टाकला आणि बदल्यात वरची वेगळी खोली दिली, खिडकीची.

ताईला तेव्हा राग आला नाही. उलट अभिमान वाटला, हे तिने मला नंतर सांगितलं. परक्या गावात, परक्या भाषेत, नवऱ्याच्या हाताला असा मान मिळालेला कोणाला आवडणार नाही? गडबड पुढे झाली. त्या मालकाने पुढच्या गावच्या लॉजवाल्याला फोन केला, की असा असा माणूस येतोय, काय फाटलंतुटलं असेल ते काढून ठेव. त्याने त्याच्या पुढच्याला केला. मग काय, हे दोघं बसमधून उतरायच्या आत ढीग तयार असायचा. माझं नाव माझ्याआधी पोचतं, असं भाऊजी फोनवर मला सांगायचे, आणि मी फोन कानापासून लांब धरायचे.

चहाच्या मळ्यांच्या गावात भाऊजी लॉजच्या ओट्यावर बसून होते. खाडीकाठच्या गावात एका होडीवाल्याच्या पडवीत. ताई पहिले दोन दिवस शेजारी बसून राहिली, सवयीने बॅगा झटकत. मग तिच्या लक्षात आलं, की आपण घरून निघून इतक्या लांब येऊन पुन्हा स्टुलावरच बसलोय. ती उठली. जी बाई बाजारात जाताना मला हाक मारून नेते, ती एकटी बसमध्ये चढली, खुणा करून तिकीट काढलं, मळे बघून आली. होडीतूनही एकटी जाऊन आली. परतली की भाऊजींना सगळं सांगायची, धुकं कसं उतरलं, पाण्यात झाडं कशी उलटी दिसली. भाऊजी मान खाली घालून टाके घालत विचारायचे, मग? आणि ती पुढचं सांगायची. दक्षिण अशी बघितली भाऊजींनी, ताईच्या तोंडून.

ती फोनवर मला एकदाही कुरकुरली नाही. फक्त म्हणायची, टोकाला पोचलो की यांचं काम संपेल. तिथून पुढे जायला गावच नाहीये.

टोकाच्या गावी ते पोचले ते दुपारी. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, म्हणजे संध्याकाळ मिळणार ती एकच. तिथल्या लॉजवर चालत फिरणाऱ्यांचा एक मोठा जथा उतरला होता, त्यांचे तंबू आणि सॅक वाऱ्याने चिंध्या झालेल्या. मालकाने हात जोडले. भाऊजींनी ताईकडे बघितलं. नाही म्हणा, असं ती म्हणाली नाही. तिला वाटत होतं, ते यांनी स्वतः म्हणावं.

"अगं, एवढे दोन पट्टे उरकतो. तू पुढे हो, जागा धर. मी आलोच."

ताई गेली. दीपगृहाच्या पायऱ्यांशेजारी एक बुटका कठडा आहे, तिथून समोर काही आड येत नाही. ती तिथे बसली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला. लोक येऊ लागले. कोणी खुणेने विचारलं, इथे कोणी आहे का? ती म्हणाली, आहेत, येताहेत. पुन्हा कोणी विचारलं. पुन्हा तिने तेच सांगितलं. सूर्य खाली येत होता आणि ती अर्धा वेळ मागे वळून रस्त्याकडे बघत होती. एक म्हातारी बाई काठी टेकत आली, तिला उभं राहवत नव्हतं. तेव्हा ताईने हात उचलला आणि तिला बसू दिलं. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा त्या अनोळखी बाईने ताईचा हात धरला होता. इतकं सुंदर होतं गं, आणि मला सारखं वाटत होतं की हे लवकर संपू दे, असं ताई मला म्हणाली.

भाऊजी आले तेव्हा लोक पांगले होते आणि समोर काळोख होता. दोन पट्ट्यांचे चार झाले होते, मग एक तंबू. ते कठड्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, आवाज मोठा आहे गं समुद्राचा. ताई उठून चालू लागली.

परत आल्यावर भाऊजींच्या फुशारकीला ऊत आला. निम्मा प्रवास फुकटात केला, पार त्या टोकापर्यंत लोक माझं शिवण ओळखतात. कोणी विचारलं, की टोकाला कसं असतं हो, तर ते ताईचे शब्द जसेच्या तसे म्हणायचे. सूर्य आधी केशरी, मग तांबडा, मग टेकतो तेव्हा बुडाशी जरा चपटा होतो. मला ऐकून संताप यायचा. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा ताईने डोळ्यांनी गप्प केलं. ती मूग गिळून चेनी उघडत-मिटत राहायची.

एका संध्याकाळी मी दवाखान्यातून येताना त्या बोळात थांबले होते. एक तरुण जोडपं आलं होतं, नुकतंच लग्न झालेलं असावं, सॅकचा पट्टा मजबूत करून हवा होता, दक्षिणेला निघाले होते. भाऊजींनी पाढा सुरू केला. केशरी, तांबडा, चपटा. ती मुलगी अगदी मन लावून ऐकत होती. मग तिने ताईला विचारलं, काकू, तुम्ही दोघं कुठे बसला होतात? आम्हीही तिथेच बसू.

ताईने हातातली चेन शेवटपर्यंत ओढली.

"हे नव्हते तिथे," ती म्हणाली. "मी होते."

तिने आवाज चढवला नव्हता. भाऊजींचा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर होता, तो तसाच राहिला. त्यांनी ताईकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्या सगळ्या प्रवासात जे त्यांना कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. पट्टा शिवून झाला, त्यांनी त्या पोरांकडून काही घेतलं नाही. दुकान लवकर आवरलं.

पुढच्या आठवड्यात ते दोन तिकिटं घेऊन आले आणि जेवताना ताईसमोर ठेवली; मीही जेवायला तिथेच होते. त्याच टोकाची. या वेळी कोणाला हात लावणार नाही, वाटेत कुठेही थांबायचं नाही, थेट तिथेच, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मला वाटलं, ताई विरघळणार. ती नेहमीच विरघळते. तिने तिकिटं उचलून नीट पाहिली आणि परत ठेवली.

"टोक मी बघून आलेय. मला ते तुमच्यासोबत पहिल्यांदा बघायचं होतं. ते पहिल्यांदा आता तुम्ही कुठून आणणार?"

मला त्यांचा राग होता, तरी त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. एवढा हुन्नरी माणूस, फाटलेलं काहीही समोर आलं की हात आपोआप चालणारा, आणि ताटात बोटं फिरवत बसला होता.

ते एकटे गेले. रुसून नाही, हट्टानेही नाही. जाऊन येतो, एवढंच म्हणाले. चोरकप्पा मी स्वतः तपासला. त्यात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा फोन वाजला. तिचे हात ओले होते म्हणून मीच बटण दाबून आवाज मोठा केला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग भाऊजींनी विचारलं, तू कुठे बसली होतीस? ताईने सांगितलं, दीपगृहाच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला, बुटका कठडा आहे. ते चालत गेले. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मग थांबला.

ताईने नळ बंद केला. मग भाऊजी म्हणाले, टेकतोय. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू:

"मी तेव्हा यायला हवं होतं."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ताई म्हणेल, जाऊ द्या हो, झालं गेलं. मीसुद्धा मनातून तेच म्हणत होते, म्हण बाई, सोडव त्याला. ताईने पदराला हात पुसले आणि फोन जवळ घेतला.

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

फोन दोघांनीही ठेवला नाही. पलीकडे समुद्र वाजत होता आणि अलीकडे ताई ओट्याला टेकून डोळे मिटून उभी होती. मी गॅस बारीक केला, दार लोटून घेतलं आणि जिना उतरून माझ्या घरी आले.