सुतार नऊला बुडाला की दहाला

किस्से मी जमवत नाही. ते आपोआप साठतात, स्वयंपाकघरातल्या खणात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या लायब्ररीत आमची मंगळवारची मंडळी जमते, तिथले हे किस्से. सांगताना माझ्याकडून चूक होण्याची शक्यता आहे. का, ते पुढे कळेलच.

मी पुण्यात इतिहास शिकवायचो. मोडी कागद वाचायचे आणि त्यातले खोटे ओळखायचे, हे माझं खास काम. चाळीस वर्षं ते केल्यावर माणूस दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचतो. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मी आणि बायको सुमती, दोघं म्हातारी इथे. सूनबाई ऋचा एक दिवस म्हणाली, "बाबा, घरात बसून तुम्ही आमच्या बिलांवर संशय घेता. त्यापेक्षा लायब्ररीत जा." तिथे एक गट जुन्या जहाजाचं प्रदर्शन उभं करत होता, आणि त्यांना जुनी अक्षरं वाचणारा माणूस हवा होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, खिडकीजवळची खुर्ची दिली. मी घरी येऊन सुमतीला म्हणालो, "यांना माझ्याकडून काहीतरी हवंय."

सुमती म्हणाली, "अहो, वाचून हवंय. त्यांनी तसं बोर्डावर लिहिलंय."

*

मंडळीत मुख्य माणसं तीन. अ‍ॅशलिंग ही लायब्ररियन. डेसी हा बॉइन नदीच्या मुखातून जहाजं आत आणणारा पायलट, आता रिटायर. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण डेसी मला 'तू' म्हणतो हे त्याच्या आवाजावरून कळतं. आणि तिसरी नोरा. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं मोजकं. जहाजाची वही तिची.

जहाजाचं नाव 'सँडमार्टिन'. इंग्रजांच्या नौदलातलं स्लूप, म्हणजे अठरा तोफांचं, चपळ, मधल्या आकाराचं लढाऊ गलबत. लढाई संपली तशी नौदलाने ते विकून टाकलं. नव्या मालकाने तोफा काढल्या, डेकवर विटांची भट्टी बांधली आणि देवमाशांच्या मागे दक्षिणेच्या समुद्रात पाठवलं. तोफा होत्या तिथे चरबी कढवायच्या कढया बसल्या.

डेसीला हे प्रदर्शनच पसंत नव्हतं. तो म्हणाला, "इंग्रजांचं जहाज. आपल्या किनाऱ्यावर पहारा द्यायचं. त्याची आरती आपण का ओवाळायची?" (आरती हा शब्द माझा. त्याचा शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.)

नोरा म्हणाली, "जहाज त्यांचं होतं. सुतार आपला होता."

डेसीने बिस्कीट घेतलं आणि पुढच्या मंगळवारी जहाजाचं लाकडी मॉडेल करायला सामान घेऊन आला.

*

सुताराचं नाव थॉमस. नोराच्या पणजोबांचे वडील. ड्रोहेडाचा माणूस. नौदलात जहाजावर सुतार होता, आणि जहाज विकलं तेव्हा खिडक्यादारांसारखा तोही त्याच्याबरोबर गेला. परत आला नाही. परत आली ती त्याची हत्यारांची पेटी. जहाजावरच्या एका मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, ती आणून विधवेला दिली. पेटीत त्या मेटची स्वतःची वही होती. पुढच्या अर्ध्या भागात नौदलाचे दिवस, मागच्या अर्ध्यात देवमाशांचे. कागद महाग, वही एकच.

घरचे म्हणायचे, थॉमस देवमाशाच्या शिकारीत होडी फुटून बुडाला. गाव म्हणायचं, कसला बुडतोय, एखाद्या बेटावर उतरला आणि दुसरा संसार थाटला. नोराला शाळेत मुली 'पळपुट्याची' म्हणायच्या. हे तिने मला सांगितलं नाही. डेसीने सांगितलं, आणि वर म्हणाला, "त्या मुलींपैकी एक माझी थोरली बहीण."

प्रदर्शनात एक पाटी लागणार होती: जहाजावर मेलेल्या ड्रोहेडाच्या माणसांची. तिच्यावर थॉमसचं नाव हवं, एवढंच नोराचं मागणं. आणि त्याचा निर्णय वही वाचून मी द्यायचा होता. आयुष्यभर खोटे कागद पकडलेल्या माणसाला खऱ्या कागदाची फार भीती वाटते. मी तीन रात्री नीट झोपलो नाही.

*

वहीच्या मागच्या भागात देवमाशांचे शिक्के होते, लाकडी ठशाने उमटवलेले. कुठे अख्खा मासा, कुठे नुसती शेपटी. अ‍ॅशलिंगने सगळे मोजून खुशीत सांगितलं की जहाजाने इतके इतके मासे मारले.

मला संशय आला. मी म्हणालो, "नुसती शेपटी कशी मारता येईल?"

डेसी हसून खुर्चीतून पडायचा राहिला. अख्खा शिक्का म्हणजे मिळालेला मासा. शेपटी म्हणजे बुडी मारून निसटलेला. निसटलेल्याचीही नोंद ठेवायची पद्धत होती.

अ‍ॅशलिंगने आकडा अर्ध्यावर आणला. त्या दिवशी माझा भाव वाढला. "प्रोफेसरला संशय येतो तो उगाच नाही," असं डेसी चारचौघांत म्हणाला. हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

थॉमस बुडाला त्या दिवसाच्या नोंदीपुढे शेपटी होती.

*

आता ती नोंद. तारीख, मार्चची दहा. मेट दिवसाचे तीन भाग करून लिहायचा. पहिला भाग: मासा दिसला, होडी सोडली, माशाने होडी फोडली, सुतार गेला. नंतर बेटाच्या बंदरात नांगर टाकला. मधला भाग: वारा पडलेला. शेवटचा भाग: माणसं किनाऱ्यावर पाठवून पिंपात पाणी भरलं.

पहिला भाग सकाळ, मधला दुपार, शेवटचा रात्र. मी तसं मांडून दाखवलं.

डेसी मॉडेलला डोलकाठी चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला, "अनोळखी बेटावर रात्री पाणी कोण भरतं? पाय मोडून घ्यायचेत?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी माझ्या टिपणवहीत पेन्सिलीने टीप केली: 'नोंद संशयास्पद.'

*

त्याच आठवड्यात अ‍ॅशलिंगने त्या बेटाच्या बंदरातल्या जुन्या रजिस्टरची नक्कल ईमेलने मागवली. त्यात स्वच्छ लिहिलेलं: सँडमार्टिन, नऊ मार्च, संध्याकाळी नांगर टाकला.

नऊ! म्हणजे वही म्हणते, माणूस दहाला सकाळी भर समुद्रात बुडाला. बंदर म्हणतं, जहाज नऊच्या संध्याकाळपासून बंदरात उभं होतं. बंदरात उभ्या जहाजाचा माणूस समुद्रात बुडत नाही. तो किनाऱ्यावर उतरतो.

मंगळवारी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. माझा आवाज वर्गातला झाला होता, हे मलाच ऐकू येत होतं. "मेटने नोंद मागाहून रचली असावी. मित्राची अब्रू झाकायला. असं आमच्याकडच्या कागदांत पुष्कळदा दिसतं."

अ‍ॅशलिंग म्हणाली, "मग पाटीवर काय लिहू? मजकूर शुक्रवारी छापायला जातो."

"बेपत्ता," मी म्हणालो.

नोराने कप उचलला, धुतला, पुसला, प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मग कोट चढवला.

मी विचारलं, "नोरा, तुम्ही ठीक आहात ना?"

"ग्रँड," ती म्हणाली. म्हणजे छान, मजेत.

या देशात पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड, अंत्यविधीही ग्रँड. त्या शब्दावर मी कधी विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी तर मुळीच नाही.

*

घरी त्याच संध्याकाळी नात मुक्ता माझ्या वाढदिवसाचा केक ऑर्डर करायला बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत येतं. तिचा प्रश्न होता, आजोबांचा खरा वाढदिवस कुठला? आजी एक दिवस सांगते, पासपोर्ट दुसरा.

मी म्हणालो, "पासपोर्ट खरा. आई अंदाजाने सांगायची."

सुमती कणीक मळत होती. म्हणाली, "काही अंदाज नव्हता. सासूबाईंना घड्याळही पाठ होतं. तुम्ही पहाटे चारला झालात. त्यांचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलायचा, म्हणून त्यांच्या लेखी तुम्ही मंगळवारचे. दवाखान्याचा दिवस रात्री बारालाच बदलला, म्हणून कागदावर बुधवारचे. खोटं कोणीच बोललं नाही. दिवस कुठून धरायचा एवढाच प्रश्न."

मी खुर्चीतून ताडकन उठलो.

"आता काय झालं?" ती म्हणाली. "गॅस बंद आहे. मी बघितलाय."

मी डेसीला फोन लावला. विचारलं, "मासे मारणाऱ्या जहाजावर दिवस कधी सुरू व्हायचा?"

"दुपारी बाराला," तो म्हणाला. "डोक्यावर आलेला सूर्य मोजायचा, कप्तान म्हणणार बारा, की पुढची तारीख लागली, किनाऱ्याच्या बारा तास आधी. जुनी खलाशी पद्धत. नौदलाने आधी सोडली, बाकीच्यांनी बरीच नंतर."

म्हणजे पहिला भाग दुपार ते संध्याकाळ. मधला रात्र. शेवटचा सकाळ. पाणी सकाळीच भरलं होतं. आणि वहीतल्या दहा तारखेची दुपार ही किनाऱ्यावरच्या माणसांची नऊ तारखेची दुपार होती. थॉमस दुपारी समुद्रात गेला, संध्याकाळी जहाज बंदरात आलं. दोन्ही कागद खरे. वहीचा पुढचा अर्धा भाग नौदलाच्या हिशेबाचा होता, तिथे दिवस मध्यरात्री बदलायचा. मी त्याच चालीवर मागचा अर्धा वाचत गेलो होतो. जहाजाने धंदा बदलला, तसा त्याचा दिवसही बदलला, आणि मला पत्ता नाही.

"डेसी," मी म्हणालो, "आज लायब्ररीत हे बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, ते धरूनच बोलत असणार. तुला संशय येतो तो उगाच नाही, हे मीच म्हणालो होतो ना."

*

बुधवारी लायब्ररी उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. अ‍ॅशलिंगने मला आत घेतलं आणि वही दिली. मला आता स्वतःच्या शोधाचाही संशय आला होता. निदान एक तरी पुरावा हवा होता. चाळीस पानं मागे तो मिळाला. एका दिवसाच्या पहिल्या भागात मेटने लिहिलं होतं, 'सूर्य मावळताना दोन मासे दिसले.' सकाळी कुठल्या समुद्रावर सूर्य मावळतो? हे पान मी आधी दोनदा वाचलं होतं.

"मजकूर बदलायचाय," मी अ‍ॅशलिंगला म्हणालो. "बेपत्ता नाही. बुडाला."

"तारीख कुठली घालू?"

मी म्हणालो, "ते नोराला विचारून सांगतो." खरं तर मला माफी मागायची होती आणि त्याला निमित्त हवं होतं.

*

नोराचं घर नदीच्या वरच्या चढावर आहे. तिने दार उघडलं, स्वयंपाकघरात नेलं आणि किटली लावली. मी सगळं सांगितलं. दुपारचा दिवस, सकाळचं पाणी, सूर्यास्ताचं पान, आईची तिथी, दवाखान्याची तारीख. फारच लांबवलं. माणसाला चुकीची लाज वाटली की तो तळटिपा देत बसतो.

शेवटी म्हणालो, "तुमचे घरचे खरं बोलत होते. मी चुकलो. आता पाटीवर नऊ लिहू की दहा? वहीप्रमाणे दहा. तुमच्या-माझ्या कॅलेंडरप्रमाणे नऊ. तुम्ही म्हणाल ते."

तिने चहा ओतला. माझ्या कपात साखर दोन चमचे, न विचारता.

"चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना आम्ही दहालाच सांगतो," ती म्हणाली. "वहीत दहा आहे म्हणून. पहिल्यापासून."

"मग दहा लिहितो."

"थांबा, प्रोफेसर." तिने खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर एका ठिकाणी मेणाचा जुना, पिवळा थर होता, घासूनही न गेलेला. "मेणबत्ती मात्र माझी आजी नऊला लावायची. दिवस मावळायच्या आत. तिची आजीही, म्हणजे थॉमसची विधवा, तशीच लावायची म्हणे. मी लहान असताना विचारलं होतं, प्रार्थना उद्या, मग मेणबत्ती आजच का?"

"काय म्हणाल्या?"

नोराने कप माझ्यापुढे सरकवला.

"म्हणाली, दहाला उशीर होतो."