पाणी लागायलंय

गयामावशी गेल्याचं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी अंगणात भांडी घासत होते. ती रस्त्यावरून म्हणाली, "काकू, आमच्या आत्या गेल्या पहाटे." तिचा चेहरा मला दिसला नाही, इतकं आमचं मेंदीचं कुंपण आता दाट आहे. मावशींना जाऊन आता दीड महिना झाला...

हेच कुंपण चार वर्षांपूर्वी मरायला टेकलं होतं. पानं पिवळी पडून गळायची, काड्यांतून रस्ता दिसायचा. आमचे मालक म्हणाले, "उपटून टाकू, तारा लावू." पण तारांतून सगळं दिसतं. आमचं घर बोरी गावच्या भर रस्त्यावर, मोरी अंगणात, आणि मला माणसांसमोर काम करायची लाज. हे मला मालकांना सांगता आलं नाही.

मावशी रस्त्यापलीकडे राहायच्या. जिंतूरकडे एका रोपवाटिकेत त्यांनी अर्धं आयुष्य रोपं लावली होती. एकदा जाता जाता त्यांनी कुंपणाची एक डहाळी वाकवली आणि म्हणाल्या, "पाणी लागायलंय गं ह्याला." मी मान हलवली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायला लागले. आठ दिवसांत होती नव्हती ती पानंही गळाली.

मावशी पुन्हा आल्या तेव्हा बादली माझ्या हातातच होती.

"काय करायलीस?"

"तुमीच म्हणलात ना, पाणी लागायलंय."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं माय! तुरीला पाणी लागलं म्हंजे काय होतं? पाण्यानं मरायलंय ते. तोंड हाय का न्हाई तुला? इचारायचं की, मावशी, म्हंजे काय?"

मग त्यांनी मूळ उकरून दाखवलं. काळं पडलेलं, साल बोटाला निघून आली, गटारीसारखा वास. खोड नखानं खरवडलं तर आत मात्र हिरवं होतं. "रस्ता सिमेंटचा झाला, वर आला. तुझं अंगण खाली राहिलं. पाणी जाईल कुठं?" आम्ही दोघींनी परसाकडे नाली काढली, कुजकी माती काढून वाळू आणि शेणखत भरलं. शेवटी मावशींनी मोठी कात्री घेतली आणि सगळं कुंपण गुडघ्याएवढं छाटलं.

"एवढं?" मी विचारलं.

"इचारलंस एकदाचं!" त्या हसल्या. "नासक्या मुळ्या एवढ्या फांद्या कशा पोसतील?"

मी रस्त्याकडे बघत होते, ते त्यांनी पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या वेळी त्या आल्या, कुंपणापाशी घमेलं पालथं घातलं आणि सुपात डाळ घेऊन माझ्या आणि रस्त्याच्या मधे बसल्या. रोज यायच्या. कुणी विचारलं, "मावशी, इथं कशाला बसलाव?" की म्हणायच्या, "कुंपण हाय मी. दिसत न्हाई का?" दिवाळीपर्यंत मेंदी कमरेला आली. तारांचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही. मावशींचं बसणं मात्र सुटलं नाही.

परवा त्यांची सून पुन्हा कुंपणाशी आली. "काकू, आत्यांची जास्वंद पिवळी पडायलीय. किती पाणी घालू?"

मी फाटक उघडून बाहेर गेले. रस्त्यावर माणसं होती. पलीकडे जाऊन मी जास्वंदीचं खोड नखानं खरवडलं. आत हिरवं होतं.

"पाणी लागायलंय," मी म्हणाले. तिनं मान हलवली... तशी मी लगेच म्हणाले, "म्हंजे जास्त झालंय. घालू नको."

मावशींचं घमेलं आमच्या कुंपणापाशी अजून पालथंच होतं. ते मी सुलटं केलं आणि त्यातून वाळू नेऊन त्यांच्या जास्वंदीला घातली.