दोन दोऱ्यांची पतंग

वावधन सुटलं की जवाहरनगरातल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावतात, आणि आमचे शेजारी कापडी पतंग घेऊन मैदानाकडे निघतात. तिला दोन दोऱ्या, दोन हातांत दोन. ना मांजा, ना पेच. नुसतं वळवायचं.

दोऱ्या ताणल्यावर पलीकडच्या टोकाला पतंग धरून कुणाला तरी उभं राहावं लागतं. आधी त्यांच्या घरच्या वहिनी राहायच्या. गेल्या साली त्या गेल्या, तेव्हापासून मी. आपल्याकडे पतंग धरणारा उडी मारून ती वर फेकतो. लहानपणापासूनची सवय. ह्या पतंगीला ते सोसत नाही; दोऱ्या सैल पडतात, ती आपटते. एरवी हळू बोलणारे ते पहिल्याच दिवशी गरजले होते, "फेकू नोका जी! नुसती सोडा तिले!"

परवा मी अलगद हात उघडले आणि पतंग सरळ चढली. त्यांनी लगेच उतरवली.

जवळ येऊन म्हणाले, "एक डाव फेकून पाहता का?"

"कायले जी? पडन ना."

"आमच्या घरची फेकतच जाये. कधी आयकलं नाई. मी बी बहुत चिल्लावलो तिच्यावर."

ते परत आपल्या जागी गेले. मी चांगली उडी मारून फेकली. पतंग गिरकी खाऊन दाणकन आपटली.

ते ओरडले नाहीत. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणून ते पुटपुटणं ऐकू आलं, आणि त्यातला बाईमाणसालाच लावतात तो 'व'ही.

"पडू दे. पडू दे व. काई नाई होत."