शुक्रवारपर्यंत

ऑफिसात सगळे तिला शिक्काताई म्हणत. बावीस वर्षं ती सरकारी टेंडरचे कागद तयार करत होती. प्रत्येक पानावर क्रमांक, ऑफिसचा शिक्का आणि सरांची सही. चारशे पानं असली तरी एकही पान सुटायचं नाही. काम मिळो न मिळो, कागदांवरून अर्ज बाद झाला असं कधी घडलं नव्हतं, आणि याचा तिला भारी तोरा होता. दुसरा कशाचा मिरवणार बिचारी!

ऑफिस दोघा भावांचं. थोरले सर आर्किटेक्ट, धाकटे इंजिनिअर. त्यांना तोंडावर सर आणि पाठीमागे ‘धाकटे’ म्हणत. एकेकाळी नऊ माणसं होती, आता थोरले सर धरून तीन उरली. पाच वर्षांत एकही सरकारी काम हाती लागलं नव्हतं. आता जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं डिझाइनचं टेंडर निघालं होतं. हेही गेलं तर दाराला कुलूप, असं थोरल्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

पात्रतेला सत्तर गुण लागत. ताईने बेरीज तीनदा केली. धाकट्यांचा अनुभव धरून चौऱ्याहत्तर, सोडून एकोणसाठ. आणि धाकटे इस्पितळात, फुप्फुसं निकामी होऊन पडलेले.

अर्जातल्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव घालायला ती संमतीपत्र घेऊन इस्पितळात गेली. जेवणाच्या ट्रेवर कागद ठेवून त्यांनी सही केली. ती जुन्या सहीशी जुळेना. ताईने दुसरा कागद पुढे सरकवला, मग तिसरा.

"शिक्काताई, मी मेल्यावर यमाकडेही तीन प्रतींत अर्ज करायला लावशील," धाकटे म्हणाले.

तिसरी जुळली. ती खूश झाली, आणि घरी पोहोचेपर्यंत स्वतःची शरम वाटू लागली.

सोमवारी अर्ज दाखल झाला. मंगळवारी पहाटे धाकटे गेले.

यादीतला माणूस बदलला तर ताबडतोब कळवायचं, असा नियम. लिफाफे शुक्रवारी उघडणार होते. थोरले सर खुर्चीत पाठीचा कणा काढून घेतल्यासारखे बसले होते. ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कुणाला कळायला नको. तू त्याच्या बायकोशी बोल. माझी जीभ नाही वळत."

सख्ख्या भावाला जे जमेना ते पगारी माणसाने करायचं! तरी ती गेली. धाकट्यांच्या घरी वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या.

"पेपरात द्यायचं नाही?" त्यांनी विचारलं. "वीस वर्षं संध्याकाळी कॉलेजात शिकवत होते ते. त्यांच्या पोरांना कळवायचं नाही?"

"शुक्रवारपर्यंतच, वहिनी. नाहीतर ऑफिस बंद पडेल."

"ऑफिसपायीच तर झिजले. होऊ दे तसंच," वहिनी म्हणाल्या. "पण नंतर पेपरात देताना तारीख खोटी घालणार नाही मी."

शेवटचा निरोप द्यायला सात माणसं होती, त्यात एक गाडीचा ड्रायव्हर.

शुक्रवारी सरकारी कचेरीत लिफाफे उघडले. एका तरुण अधिकाऱ्याने नावं आणि गुण वाचले. धाकट्यांना पंधरापैकी पंधरा, एकूण चौऱ्याहत्तर. पात्र ठरलेले दोघंच, त्यांत यांचा नंबर पहिला. ताईने आकडे वहीत उतरवून घेतले.

व्हरांड्यात तो अधिकारी तिच्यामागे आला. "सर कसे आहेत हो? त्यांनी मला दोनदा नापास केलं होतं, आणि तिसऱ्यांदा घरी बोलावून स्वतः शिकवलं. आजारी आहेत असं ऐकलंय. रविवारी भेटायला जाऊ का?"

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. ताई म्हणाली, "सध्या कुणाला भेटू देत नाहीत."

"मग माझा नमस्कार सांगा."

"सांगते."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की तिची तिलाच किळस आली.

रविवारी वहिनींनी पेपरात निधनवार्ता दिली, मंगळवारच्या तारखेसकट. सोमवारी दहाच्या सुमारास फोन आला.

"अर्ज बाद होणार, ताई," अधिकारी म्हणाला. "तसं पत्र आज मलाच काढायचंय."

"हो," ती म्हणाली. याची तयारी तिने रात्रभर केली होती. तो फोन ठेवेल म्हणून ती थांबली, पण तो ठेवेना.

"सरांचं घर माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे," तो म्हणाला. आवाज एकदम पोरासारखा झाला होता. "मंगळवारी कळवलं असतं तर शेवटचं बघायला मिळालं असतं हो मला. एवढं तरी सांगायचं होतं तुम्ही. मी कुणाला बोललो नसतो."

फोन बंद झाला. आतल्या खोलीतून थोरल्यांनी घाईघाईने विचारलं, "कुणाचा होता? कचेरीतून होता का?"

"धाकट्यांच्या एका विद्यार्थ्याचा," ताई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.