सदाभाऊंचा डावा खिसा

सदाभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, नंदानं केला. "कशानं गं?" मी विचारलं. "छातीत गाठ होती, बाई. डॉक्टर म्हणाले, विडीनं." विडीखेरीज आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती...

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, सदाभाऊ प्रयोगशाळेत सहायक. किरणोत्सर्गी चकत्यांच्या शिशाच्या डब्याची किल्ली त्यांच्याकडे. मुलं त्यांना विचारायची, "स्थिर केंद्रक म्हणजे काय हो?" "ज्याला फुटायची घाई नाही ते. तुमच्यासारखं नव्हे." "आणि अस्थिर कधी फुटणार?" "ढीगभरातली निम्मी कधी फुटतील ते सांगतो. एकट्याचं विचारू नका, ते त्यालाही माहीत नसतं."

खंडेनवमीला आम्ही उपकरणं पुजायचो. एका वर्षी मीच चेष्टेनं म्हणाले, "अहो सदाभाऊ, डबा कसला पुजताय? आतलं पुजा की!" भल्या माणसानं खरंच चिमट्यानं चकत्या काढून पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी डब्यात एक चकती कमी! जीव टांगणीला लागला. निर्माल्यातून नदीत गेली तर? कुणाच्या हाती लागली तर? किरण मोजायचं यंत्र मी निर्माल्याच्या टोपलीवर धरलं. अधूनमधून टक... टक... एवढंच. सदाभाऊ टोपली उचलायला वाकले आणि यंत्र तडतडू लागलं. ते मागे सरले, तडतड कमी झाली. पुढे आले, पुन्हा तडतड. पूजेतलं फूल त्यांनी निळ्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवलं होतं. ओल्या कुंकवानं चकती फुलाला चिकटली होती. दिवसभर, छातीवर.

"हात्तिच्या!" म्हणून ते हसले. "बाई, कुठं बोलू नका. नोकरी जाईल." मी बोलले नाही. माझीही गेली असती, खोटं कशाला सांगू? चकती दुबळी होती, मुलांच्या प्रयोगाची. एका दिवसात तिनं काही होत नाही, हे मी वर्गात शिकवत आले. तरी ते खोकले की माझी नजर त्यांच्या डाव्या खिशाकडे जायची. "मी स्थिर आहे, बाई," म्हणायचे.

दिवस झाल्यावर कसब्यात त्यांच्या घरी गेले. नंदानं ट्रंकेतून तो निळा कोट काढला. "भाऊंनी अचानक नवा शिवून घेतला. हा ना कुणाला घालू दिला, ना बोहारणीला दिला." डाव्या खिशाचं तोंड काळ्या दोऱ्यानं गच्च शिवलेलं होतं. टाके वाकडेतिकडे, त्यांच्याच हातचे. म्हणजे इतकी वर्षं तेही भीत होते, आणि मला हसून दाखवत होते.

"खिसा का हो शिवला असेल, बाई?" नंदानं विचारलं. मी कोटाची घडी घालून तिच्या हाती दिली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. नंदा, आता हे तू वाचशील. आतलं पुजा, असं मी म्हणाले होते.